सुई आणि वण

“काड्या काढूनच तिच्या ताटात वाढायचं, न्दुक. का, ते विचारायचं नाही. तिला नाही, मलाही नाही.”

सासरे हे बोलले तेव्हा त्यांचा आवाज इतका बसलेला होता की उतामीला कान त्यांच्या ओठांशी न्यावा लागला होता. न्दुक म्हणजे लेकी. बापाक दर्सोनो सुनेला कधी दुसऱ्या नावानं हाक मारत नसत. पुढे दोनच दिवसांत ते गेले. त्यांचा गजानं वाजवायचा रबाब ओसरीच्या भिंतीवर, बातिकच्या पिशवीत, अजून तसाच टांगलेला होता. त्या दिवशी त्यांनी आणखी एक वाक्य सांगितलं होतं. ते उतामीनं मनात गाठ मारून ठेवून दिलं होतं, कारण ते वापरायची वेळच कधी आली नव्हती.

घरात कोंबडीची साते आली की उतामी एकेक काडी हातात घेऊन मांसाचे तुकडे काट्यानं खाली ओढी, वर शेंगदाण्याचा रस्सा ओती आणि मगच सासूबाईंचं ताट पुढे ठेवी. इबू सुकेसी मुकाट्यानं जेवत. त्यांचे असे आणखीही नेम होते. इवली पिवळी सोनकेळी त्या तोंडाला लावत नसत. कपडे वाळत घातलेल्या दोरीखालून जात नसत, लांबून वळसा घालून विहिरीवर जात. उतामी स्वतः सोमवार-गुरुवारचे उपास धरणारी. नेम ज्याचा त्याचा, त्याचं कारण विचारू नये, अशा समजुतीत वाढलेली. जावातल्या या सोलो शहरातल्या अर्ध्या बायका कुठला ना कुठला नेम पाळतातच. त्यामुळे तिनं कधी विचार केला नाही.

मंगळवारी इस्पितळात, त्या थंडगार खोलीत, पहिल्यांदा केला.

इबूंना तीन महिन्यांपासून धाप लागत होती. पावलं सुजत होती, उताणं झोपता येत नव्हतं. हृदयाचा पंप अशक्त झालाय हे आधीच्या तपासणीत कळलं होतं. का अशक्त झालाय आणि पुढे काय, हे पाहण्यासाठी डॉक्टर हापसारींनी हृदयाचा एमआरआय सांगितला होता. दोन्ही मुलगे बाहेर बाकावर बसले होते. आत इबूंचे कपडे बदलायला उतामी.

“अंगात कुठे धातू?” सिस्टरनं विचारलं. “हाडात पट्टी, दाताला काही, कुठे सळी?”

“नाही हो,” इबू म्हणाल्या. “मी गाणारी बाई. माझ्या अंगात कोण सळया घालतंय?”

सिस्टर हसली. उतामी हसली नाही. बोलताना इबूंचा हात आपोआप गळ्याच्या खळीशी गेला होता, आणि तिथेच थांबला होता. उतामीच्या डोळ्यांपुढे साते आली. सोनकेळी आली, कपड्यांची दोरी आली. लहानपणी आजी शेजारच्या एका नाचणारीबद्दल कुजबुजायची ते आठवलं: ती बघ, दोरीखालून जात नाही. तिच्यात सुसुक आहे.

केसाएवढी सोन्याची सुई. मंत्र म्हणून कातडीखाली सारायची, ओठाजवळ, गालात, गळ्यात. मग बघणाऱ्याची नजर हटत नाही, ऐकणाऱ्याचा कान हटत नाही. आणि जिच्या अंगात ती असते तिनं काडीवरून खायचं नाही, सोनकेळी खायची नाही, दोरीखालून जायचं नाही.

समोरच्या दारापलीकडे ते यंत्र होतं. भलंमोठं चुंबक.

“सिस्टर,” उतामी हळूच म्हणाली, “आधी गळ्याचा आणि तोंडाचा एक्स-रे काढाल का?”

इबूंनी सुनेकडे पाहिलं. घरात आल्यापासून उतामीनं त्यांची ही नजर पाहिली नव्हती. त्या रागावल्या नव्हत्या. भर रस्त्यात खांद्यावरचं वस्त्र सरकलेल्या बाईसारख्या त्या पाहत होत्या.

एक्स-रेमध्ये तीन बारीक पांढऱ्या रेघा दिसल्या. दोन ओठांच्या दोन कडांना, एक गळ्यात.

“असं पुष्कळदा दिसतं, इबू,” सिस्टर आवाज खाली आणून म्हणाली. “लाजायचं काय त्यात. मोठ्या डॉक्टरांना दाखवते, ते ठरवतील.” त्यांनी ठरवलं. सोनं चुंबकाला दाद देत नाही, पण धातूच ते, तापू शकतं. चटका बसला तर लगेच दाबा म्हणून इबूंच्या हातात एक रबरी गोळा दिला.

आत जाण्याआधी इबूंनी उतामीचं मनगट धरलं. “थोरल्याला, प्रसोजोला, नाही सांगायचं.”

“नाही.”

“तो मक्केहून आल्यापासून ताटातला भातही तपासून खातो. त्याला कळलं तर अख्खी मशीद बोलावेल माझ्या गळ्याभोवती.”

“कुणालाच नाही, इबू.”

गोळा त्यांनी एकदाही दाबला नाही. पाऊण तासानं बाहेर आल्या तेव्हा म्हणाल्या, “काय ठोकतात गं आत! ताल ना सूर. आमच्या ह्यांनी अशा वादकाला पहिल्या रात्रीच हाकलला असता.”

*

बुधवारी सकाळी डॉक्टरांच्या खोलीत चार खुर्च्या होत्या. थोरला प्रसोजो, डोक्यावर पांढरी टोपी. सुराबायाहून रातोरात आलेली धाकटी वनिंग. मधला गियात्नो, उतामीचा नवरा, जो घरी गामेलान वाद्यवृंदाची वाद्यं दुरुस्त करी आणि वाद्यांपेक्षा कमी बोले. चौथ्या खुर्चीवर उतामी. इबू घरी झोपल्या होत्या.

डॉक्टर हापसारींनी पडदा त्यांच्याकडे वळवला. राखाडी धुक्यात एक काळं कडं दिसत होतं, आणि कड्याच्या एका बाजूला पांढरा चंद्र लागावा तसा पट्टा.

“हा काळा भाग जिवंत स्नायू. पांढरा आहे तो वण. काल आपण शिरेतून एक औषध सोडलं. चांगल्या भागातून ते वाहून निघून जातं. वणात मात्र अडकून राहतं, म्हणून तो असा उजळतो.”

“म्हणजे अटॅक?” वनिंगनं विचारलं. “कधी? आम्हाला कुणालाच माहीत नाही!”

“आलेला आहे, आणि आजचा नाही. भिंत पातळ झालीय इथे. वर्षं झाली असणार. तारीख मला चित्रात दिसत नाही.”

“पंप अशक्त आहे हे तर आधीच सांगितलं होतं तुम्ही,” प्रसोजो म्हणाला. “मग या चित्रानं नवं काय कळलं?”

“पंप सारखाच अशक्त असलेली दोन माणसं घ्या. एकाचा स्नायू नुसता थकलेला, तो औषधांनी पुष्कळसा सावरतो. दुसऱ्याच्यात वण. वणाला औषध जागं करू शकत नाही. म्हणून वण किती, आणि किती खोल, यावरून पुढचा अंदाज बांधायचा.” त्यांनी पांढऱ्या पट्ट्याची कड दाखवली. “तुमच्या इबूंचा इथे आरपार गेलाय. आणि या काठावर मेलेलं नि जिवंत एकमेकांत मिसळलंय. ठोका बिघडतो तो अशा जागी. एखाद्या दिवशी बसल्या बसल्या हृदय थांबू शकतं.”

वनिंगनं खुर्ची पडद्याजवळ ओढली.

“बाकीची भिंत जिवंत आहे, तिला औषधं उपयोगी पडतील,” डॉक्टर म्हणाल्या. “आणि अचानक थांबण्याच्या भीतीवर इलाज आहे. खांद्याखाली एक छोटी डबी बसवायची. ठोका भरकटला की ती झटका देऊन त्याला जागेवर आणते. सोमवारी दाखल करा. मी भविष्य सांगणारी नाही, पण हा वण बघून थांबा असं मी सांगणार नाही.”

उठताना गियात्नोनं एकच विचारलं. “दुखलं असेल का तिला? तेव्हा?”

“बहुतेक खूप,” डॉक्टर म्हणाल्या.

*

दुपारी जेवायला सगळे चटईवर बसले. नारळाच्या दुधातला भात, सोयाबीनचं तळलेलं तेम्पे, आणि वनिंगनं येताना आणलेली साते. इबू भिंतीला टेकून बसल्या होत्या. उतामी त्यांच्या ताटापाशी काड्या ओढत होती.

प्रसोजोनं चित्रात काय दिसलं ते सांगितलं आणि डबीचंही सांगितलं. इबूंनी ऐकून घेतलं, जणू शेजारणीच्या दुखण्याची हकीकत चाललीय.

“वर्षं झाली म्हणे त्याला,” प्रसोजो म्हणाला. “आठवा बरं. वनिंग न सांगता लग्न करून सुराबायाला गेली, त्या साली इबू महिनाभर अंथरुणात होती.”

“आलं का माझ्यावर!” वनिंगनं ताट खाली ठेवलं. “आणि तू बापाकांचं गामेलान विकलंस ते? वाद्यं ट्रकमध्ये चढली तेव्हा इबू फाटकाला धरून उभी होती. मी डोळ्यांनी पाहिलंय, हाजीसाहेब.”

“छपराच्या दुरुस्तीला विकलं. ज्या छपराखाली तू पाहुणी म्हणून जेवतेयस.”

“पाहुणी? बरं झालं बोललास. मास गियात्नो, दादा, तू सांग, ती कधी आजारी पडली?”

गियात्नो पाण्याचा पेला बघत होता. “बापाक गेले तेव्हा.”

त्यावर भांडण आपोआप उतरलं. बापाकांच्या जाण्याला कुणाचा इलाज नव्हता, त्यामुळे ते कारण तिघांनाही परवडणारं होतं. प्रसोजोनं बहिणीच्या ताटात तेम्पे वाढलं, तिनं घेतलं. उतामीला वाटलं, तो पांढरा पट्टा तिघांनीही पाहिला, आणि प्रत्येकाला त्यात आपण कधी आईला दुखवलं तेच दिसलं. पण तो वण त्या तिघांपैकी कुणामुळेही नव्हता, हे ती इबूंच्या चेहऱ्यावरून ओळखत होती.

“तर सोमवार ठरला,” प्रसोजो म्हणाला.

“नाही ठरला,” इबू म्हणाल्या.

“इबू!”

“मी अंगात आता काही घालून घेणार नाही.”

“आता म्हणजे?” वनिंगनं लगेच पकडलं.

इबूंनी पाण्याचा घोट घेतला. “आता म्हणजे या वयात. कंटाळले बाई मी.”

मग पुन्हा सुरू झालं, पण बाजू फिरल्या होत्या. वनिंग म्हणाली, तिला नको तर जबरदस्ती कशाला, तिला आनंदात ठेवा. प्रसोजोनं आवाज चढवला, “आनंदात ठेवायचं म्हणजे मारायचं का? इलाज दिलाय तोही देवानंच.” आणि आजवर थोरल्या भावाशी कधीच न पटलेला गियात्नो म्हणाला, “या वेळी मास बरोबर बोलतोय.” वनिंग एकटी पडली, तशी रडायला लागली. “मला काय ती नकोय? मला तिचं गाणं पुन्हा एकदा ऐकायचंय एवढंच. मी येते वर्षातून दोनदा, आणि ती गुणगुणतसुद्धा नाही आता!”

“धाप लागते गं,” इबू म्हणाल्या, आणि प्रेमानं तिच्या पाठीवरून हात फिरवला. “भात निवतोय, जेवा.”

*

दुपारची नमाज झाली. भावंडं तीन खोल्यांत तीन तोंडं करून पडली. उतामी मागच्या अंगणात कपडे काढत होती. इबू पाय ओढत आल्या, नेहमीसारखा दोरीला वळसा घातला आणि फणसाच्या सावलीतल्या बाकावर बसल्या.

“तू विचारत का नाहीस?” त्या म्हणाल्या.

“काय, इबू?”

“सोंग करू नकोस. काल मला तिथे वाचवलंस, आणि घरी येऊन भात शिजवायला लागलीस. तुझ्या जागी माझी पोरगी असती तर गळा उलटा करून पाहिला असता तिनं.”

उतामी घड्या घालत राहिली. इबूंना सांगायचं होतं, आणि सांगणाऱ्याकडे पाहिलं की त्याची जीभ अडखळते.

“एकोणीस वर्षांची होते,” इबू म्हणाल्या. “चेहरा असा काटकुळा. आवाज बरा, पण बरा आवाज गल्लीगल्लीत असतो. मावशीनं लावूच्या डोंगरावर नेलं, म्बोक विजीकडे. म्हातारीनं तीन सुया घातल्या. दुखलं नाही फारसं. म्हणाली, ज्या हातानं घातली त्याच हातानं निघेल. तो हात राहिला नाही तर लेकीच्या हातानं. काढल्याशिवाय मरू नकोस, जीव अडून राहील.”

“आणि?”

“आणि दोन महिन्यांत नाव झालं. दोन महिन्यांत हे भेटले.” त्या हसल्या. “रबाब वाजवता वाजवता माझ्याकडे बघायचे. तो गज असा सरकायचा ना, जणू माझ्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय. तेव्हाचं सुख मी तुला सांगू शकत नाही. आणि तेव्हापासून एक दिवस मी शांत झोपले नाही.”

“का?”

“कुणाकडे बघत होते गं ते? माझ्याकडे, की सुईकडे?”

दोरीवरून एक कपडा घसरून पडला. उतामीनं तो उचलला नाही.

“मुलं झाली, केस पिकले. हा माणूस अजून तसाच बघतोय. मी वाट बघायची की कधी तरी कंटाळेल, एकदा तरी चिडून म्हणेल, काय थेरडी झालीस. म्हणजे मला कळेल की सुई संपली आणि आता जे आहे ते माझं. म्हटलंच नाही कधी. सुया काढून टाकायच्या आणि काय होतं ते बघायचं, असं किती वेळा ठरवलं. लावूची बससुद्धा दोनदा धरली. अर्ध्यातनं परत फिरले. काढल्यावर त्यांनी नजर फिरवली असती तर? त्यापेक्षा न कळलेलंच बरं.”

“आणि तो वण, इबू?”

“तो त्या पोरांचा नाही. उगाच भांडतात.” इबूंनी पदरासारखा खांद्यावरचा शेला ओढून घेतला. “स्रागेनला सरपंचाच्या घरी लग्न होतं. वरमाईनं प्रेमानं सातेची काडी माझ्या ओठांना लावली, चारचौघांत. नाही कशी म्हणू? खाल्ली. आणि तासाभरात, गाणं मध्यावर आलेलं, छातीत असं आलं की जणू कुणी तापलेली पहार रोवली. डावा हात गळून गेला. अंगाला घाम. मला काय वाटलं असेल सांग.”

“सुई.”

“सुई. वाटलं, काडीवरून खाल्लं म्हणून ती जागची हलली आणि काळजात शिरली. हृदयाचं दुखणं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. कुणाला सांगणार? डॉक्टरकडे नेलं असतं, फोटो काढले असते, ह्यांना दिसलं असतं. गात राहिले. ह्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पुढची लांब चीज सोडून छोटीच धरली. का सोडली ते मी विचारलं नाही. नंतर विचारलं त्यांनी, काय झालं गं? मी म्हटलं, दाढ. काडीवरून खाल्लं ना, दाढ ठणकली. तेव्हापासून त्यांनी मला काडीवरून कधी खाऊ दिलं नाही. स्वतः काढून द्यायचे. दाढेसाठी.” त्या थांबल्या. “अंगातल्या गोष्टीला भ्याले, आणि खरं दुखणं तसंच अंगात राहिलं. कळतंय मला. चित्र बघायची गरज नाही.”

उतामीनं कपडे टोपलीत ठेवले आणि बाकाशी खाली, मातीवरच बसली. तिच्या मनातली ती गाठ आता हाताला लागत होती. ती सोडवावी की नाही, हे ठरवायला तिला फार वेळ लागला नाही, कारण ठरवणाऱ्यानं ते कधीच ठरवून ठेवलं होतं.

“इबू, काड्या काढायला मला कुणी शिकवलं असं वाटतं तुम्हाला?”

“गियात्नोनं सांगितलं असेल. त्याला ठाऊक होतं, आईची दाढ.”

“बापाकांनी. जायच्या दोन दिवस आधी. म्हणाले, काड्या काढूनच वाढायचं, का ते विचारायचं नाही. आणि मग म्हणाले...” उतामीचा आवाज तिच्याच कानांना परका वाटला. “म्हणाले, तिचे दात माझ्यापेक्षा मजबूत आहेत. पण मी हे जाणतो ते तिला कळू देऊ नकोस. ती आपण होऊन बोलली तर सांग. नाही बोलली तर राहू दे.”

शेजारच्या घरी कुणीतरी मसाला कुटत होतं. तो आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला.

“मजबूत आहेत म्हणाले?”

“हो.”

“मेला,” इबू म्हणाल्या. नवऱ्याबद्दल हा शब्द त्यांच्या तोंडून उतामीनं प्रथमच ऐकला. त्या हसत होत्या आणि गालावरून पाणी ओघळत होतं, दोन्ही ओठांच्या कडांशी, जिथे त्या रेघा होत्या तिथून. “सुईसकट सगळं जाणून बसले होते. लांब चीज सोडली ती जाणूनच. आणि मी इकडे वाट बघत होते की यांची नजर कधी उतरते. अगं, एकदा बोलायचं होतं! मी बोलले असते, तर त्यांनीही तोंड उघडलं असतं. दोघं मिळून हसलो असतो.”

“त्यांना हसायचं होतंच, इबू. म्हणून तर निरोप ठेवला.”

“आता भेटतील तेव्हा.” त्यांनी डोळे पुसले. “न्दुक, मला ती काढायची आहे. मरण अडेल म्हणून नव्हे. त्यांच्यापुढे जायचं तर मला एकटीनं जायचंय. सोबत सुई नको.”

“इस्पितळातसुद्धा काढतील हो. बारीक चीर देऊन.”

“काढतील. पण शब्द दिलाय मी म्हातारीला, ज्या हातानं घातली त्या हातानं. ती नसेल आता. लेक असेल, गाजराच्या वाफ्यांमागे घर होतं त्यांचं. तिला घेऊन ये. ती आली, सुया निघाल्या, की मी सोमवारी मुकाट जाते आणि ती तुमची डबी बसवून घेते. प्रसोजोला सांग, देवानं ऐकलं त्याचं. खूश होईल.”

“तुम्ही सोमवारपर्यंत नीट राहायचं मात्र. भांडणं नाहीत, जिने नाहीत.”

“मी कुठे भांडते? भांडायला पोरं घातलीत ना जन्माला.” मग त्या जरा लाजल्यासारख्या झाल्या. “आणि हे बघ. येताना सोनकेळी आण. एक फणी. एकोणिसाव्या वर्षापासून खाल्ली नाहीत. चव आठवते, पण जिभेवर येत नाही.”

“डॉक्टरीणबाईंनी औषधांमुळे केळी बेतानं खायला सांगितलीत.”

“मग अर्धं खाईन. अर्धं तू खा.”

*

गुरुवारी पहाटे उतामीनं उपासाआधीचा भात खाल्ला, नमाज पढली, इबूंच्या खोलीच्या दारातून एकदा आत पाहिलं. तीन उशांना टेकून त्या झोपल्या होत्या, तोंड जरासं उघडं, श्वास चालू. तो चालू आहे हे पाहायला ती नेहमीपेक्षा थोडी जास्त थांबली. डॉक्टरांच्या पडद्यावरचा तो उजळ पट्टा तिला आठवला. बाकी सगळीकडून वाहून गेलेलं तिथेच तेवढं अडकून राहिलं होतं.

ओसरीत प्रसोजो जपमाळ घेऊन बसला होता. “इतक्या लवकर कुठे?”

“लावूवर जाऊन येते, मास. इबूंसाठी एक मागणं आहे. सोमवारी त्या इस्पितळात येतील.”

“आली तर तुझा उपास फळला म्हणायचा,” तो म्हणाला आणि पुन्हा मणी ओढू लागला. खोट्याचा एक कणही तिला सांगावा लागला नाही, याचं तिला बरं वाटलं.

फाटकाशी गियात्नो उभा होता. त्याच्या हातात त्याचं जाड जाकीट होतं.

“वर थंडी असेल,” तो म्हणाला.

ती क्षणभर थांबली, तो आता विचारेल म्हणून. त्यानं विचारलं नाही. जाकीट तिच्या खांद्यावर घातलं, कॉलर सरळ केली आणि फाटक उघडून धरलं. अगदी बापाकांसारखं, तिच्या मनात आलं.

बसथांब्यावर भाजीवाल्या आपल्या रिकाम्या टोपल्या एकात एक घालून उभ्या होत्या. लावूच्या उतारावरच्या तवांगमांगूची बस आली. उतामी खिडकीशी बसली, आणि केळ्यांसाठी आणलेली रिकामी पिशवी घडी करून मांडीवर ठेवली.